अकराचं बेणं

आबांना कुठलीही नवी वस्तू दाखवली की ते आधी ती उलटी करून बघत आणि मग दुकानदाराला विचारत, "ह्याचा खोडवा कसा येतो?" चप्पल असो, कुकर असो, नाहीतर मच्छरदाणी असो, प्रश्न तोच. बारामतीच्या पेठेतले जुने दुकानदार ह्याला सरावले होते. "चांगला येतो आबा, न्या," म्हणून ते मोकळे व्हायचे. नव्यांची मात्र पंचाईत व्हायची.

नव्यानं ऊस लावणं म्हणजे लागण. तो तोडून नेला की जमिनीत जो बुडखा राहतो, त्यातून पुन्हा फुटणारं पीक म्हणजे खोडवा. आबांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली. कुठल्या रानात कुठलं वाण लावायचं हे सांगत ते आधी सायकलवरून आणि पुढं मोटारसायकलवरून बारामती-इंदापूरची गावं फिरले. "पहिली लागण कुणाचीबी साधती. वाण कसं हाय ते खोडव्याला कळतं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्तीनंतर ऊस सुटला, वाक्य सुटलं नाही.

बारामतीलगत जळोचीला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचे. मी मूळची इंदापूरची. बारामतीत एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. खोली बघायला गेले त्या दिवशी आबांनी मला काहीच विचारलं नाही. फक्त आधीच्या घरमालकाचा पत्ता घेतला. दोन-तीन दिवसांनी निरोप आला की या राहायला. मधल्या काळात ते त्या घरमालकाकडे जाऊन मी नळ नीट बंद करते का, दार आपटते का, ह्याची चौकशी करून आले होते. मला राग आला होता, पण खोली हवेशीर होती.

स्वतःच्या लग्नातही त्यांनी हेच केलेलं. माईंना बघायला जायच्या आधी हा गृहस्थ माईंच्या थोरल्या बहिणीच्या सासरी गेला, तिथं चहा प्याला आणि ती कशी नांदते ते बघून आला. एकाच रानातलं बेणं, हा त्यामागचा विचार. बेणं म्हणजे लागणीसाठी निवडलेल्या उसाच्या कांड्या. ही हकिगत आबा अजूनही छाती काढून सांगत. माई शांतपणे म्हणायच्या, "माझ्या घरच्यांनी ह्यांच्या थोरल्या भावाला बघाया माणूस धाडला असता, तर मी आज कुठं असते."

माई म्हणजे वाचणारी बाई. भाजी निवडताना मांडीवर पुस्तक, दूध तापवताना हातात पुस्तक. त्यापायी किती दूध उतू गेलं त्याची आबांकडे चांगली आठवण होती. मग माईंच्या डोळ्यांचा मागचा पडदा बिघडला. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. माणसांचे आकार दिसायचे, दारातला उजेड दिसायचा. अक्षरं तेवढी गेली.

तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवू लागले. हेतू सोन्यासारखा, पण वाचन भयंकर. एक तर ते मंदिराच्या भोंग्यावरून सूचना दिल्यासारखे वाचायचे. संध्याकाळची वर्णनं त्यांना सोसायची नाहीत. "सूर्य मावळला. फुडं," म्हणून अर्धं पान उलटायचं. पुस्तकातला माणूस जमीन विकायला निघाला की आबा थांबायचे, "विकतोय कसा," असं स्वतःशी म्हणायचे, आणि पुढच्या वाक्यात व्यवहार मोडलेला असायचा. मरण तर त्यांनी बंदच करून टाकलं होतं. मी कधी चहाचा कप घेऊन त्यांच्या मागं पायरीवर बसायचे आणि पानावर नजर टाकायचे. पानावर तिरडी बांधणं चाललेलं आणि आबांच्या तोंडी ती बाई उठून भाकरी थापायला बसलेली.

त्या दिवसांत नदीकाठच्या एका नावाड्याच्या बायकोची जाडजूड कादंबरी चालली होती. अर्ध्या पुस्तकात ती पुरात वाहून जाते आणि उरलेलं पुस्तक तिच्यासाठी रडतं. आबांनी तिला पुरातून बाहेर काढलं. तिथून पुढं एकही ओळ त्यांच्या उपयोगाची राहिली नाही. तरी ते रोज चष्मा लावून पुस्तक उघडायचे, पानं उलटायचे आणि मनानं सांगायचे. तिला म्हैस घेऊन दिली, तिची मुलगी मोठी केली, तिच्या नवऱ्याची दारू सोडवली. मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि माईंची दयाही यायची.

एकदा आबा दळण आणायला गेलेले असताना माईंनी मला खाली बोलावलं. "पोरी, तुझ्या त्या कॉम्प्युटरला मराठी वाचता येतं म्हनं?"

मी म्हटलं, येतं. फोनलाही येतं.

"फोन नगं. त्येच्यावर बोट कुठं पडतंय ते कळत न्हाय. बटणं हाताला लागली पायजेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला माझं माझं वाचायचं हाय. जे लिव्हलंय ते, अन् जितं थांबावं वाटंल तितं थांबून. दुसऱ्याच्या हातनं जेवल्यागत झालंय हे."

आबा परत आल्यावर माईंनी त्यांनाही हेच सांगितलं, लपवाछपवी न करता. आबा म्हणाले, "आणू की, त्यात काय." आणि खरोखरच मला घेऊन दुकानात गेले. मॉनिटर उलटा करून बघितला, डबा वाजवून बघितला, खोडव्याचं विचारून झालं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दुकानदारानं विचारलं, "आबा, विंडोज कुठलं टाकू? दहा का अकरा?"

आबांनी मान वर केली. "दोन वाणं हायत व्हय?"

माईंचं वाचन लांबलं हे मी तिथंच ओळखलं.

कॉम्प्युटर चालवायला जी मूळ व्यवस्था आत घालावी लागते तिच्या ह्या दोन आवृत्त्या, एक जुनी आणि एक नवी, काम दोन्हीत होईल, नवी घेतलेली बरी, एवढं मी एका दमात सांगितलं. आबांनी ते ऐकलं आणि दुकानदाराला म्हणाले, "काय टाकू नका. मोकळंच द्या. लागणीचं आमी बघतो."

असा तो मोकळा कॉम्प्युटर मधल्या खोलीत टेबलावर येऊन बसला. त्याला हळदकुंकू लागलं, माईंच्या जुन्या पातळाचा तुकडा वर पडला. चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी ओळ यायची की आत काहीच सापडत नाही. आबा खूश व्हायचे. "रान साफ हाय," म्हणायचे. माई जाता-येता त्या डब्यावरून हात फिरवत आणि विचारत, "आज बोलंल का?" "वाण ठरू दे," आबा म्हणत.

कॉलेजातल्या एका सरांनी फुकट मिळणारी एक तिसरीच व्यवस्था सुचवली. आबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "सर, फुकट वाटायचं वाण कसं असतंय ते मला सांगू नगा. मीच लई वाटलंय."

मग शिवारफेरी निघाली. नवं वाण घ्यायच्या आधी शेतकरी जमून दुसऱ्याच्या रानातलं उभं पीक बघून येतात, मालकाला चार प्रश्न विचारतात, पान मोडून बघतात. आबांनी तीच फेरी कॉम्प्युटरांची काढली. माझी स्कूटी, मागं टोपी धरून आबा, आणि माझी रविवारची सुट्टी गेली.

आधी कऱ्हाटीला त्यांचे मावसभाऊ, तात्या, ह्यांच्याकडे गेलो. टोमॅटो-काकडीचा मळा, क्रेटांनी भरलेली खोली आणि त्या क्रेटांच्या मधोमध कॉम्प्युटर. त्यावर दहा होतं. आबांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि तपासणी चालू केली.

"लागण कवाची?"

तात्यांना प्रश्न लगेच कळला, ह्याचं मला नवल वाटलं. "झाली की लई वर्सं. थोरल्याच्या लग्नाआदीची."

"रोगराई?"

"एकदा झालती. माणूस आणून फवारनी केली. तवापास्नं न्हाय."

"लोळतं का?" वाढलेला ऊस वाऱ्यानं आडवा होतो त्याला लोळणं म्हणतात.

"कवाबवा लोळतं. मग बटण दाबून निजवायचं. घटकाभरानं उठतंय."

माझ्या सगळ्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटरच्या तब्येतीची एवढी नेमकी चौकशी मी कुठं वाचली नव्हती. मग मी कॉम्प्युटरला डाळिंबाच्या बाजारभावाची एक बातमी वाचायला लावून त्यांना ऐकवली. तिथं हिंदी आवाजच बसवलेला होता. तो मराठी वाचायचा, पण पाहुणा आल्यासारखा. आबा डोळे मिटून ऐकत होते. "माणूस गुणाचा हाय," ते म्हणाले, "पर उत्तरंकडचा हाय. माईचं अन् ह्येचं जमायचं न्हाय."

आवाज काय, बदलता येतो. पण येताना चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना मुख्य गोष्ट सांगितली, की दहाला कंपनीचा आधार आता बंद. चालेल, पण त्याच्याकडे कुणी बघणार नाही.

आबांचा कप थांबला. "म्हंजे कारखान्यानं नोंद बंद केली."

"म्हणजे?"

"वाण जुनं झालं की कारखाना त्येची नोंद घ्यायचं थांबवतो. ऊस उभा ऱ्हातो, पर न्यायला कुणी येत न्हाय. मग दहा बाद."

मला वाटलं सुटले. आता अकरा, आणि उद्या माईंचं वाचन. आबांनी उरलेला चहा बशीत ओतला, पिऊन संपवला आणि विचारलं, "बारा कवा यायचं हाय?"

मी रागावले. रस्त्याच्या कडेला, टपरीवाल्यासमोर, घरमालकाला जेवढं बोलता येतं त्याहून जास्त बोलले. "आबा, तुम्हाला हा कॉम्प्युटर बोलायलाच नको आहे. बारा आलं की तुम्ही तेरा विचारणार. माई रोज त्या डब्यावर हात ठेवतात, दिसत नाही का तुम्हाला?"

एरवी मला 'मॅडम' म्हणून खिजवणाऱ्या आबांनी टोपी नीट केली. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरी, लगीन झाल्यापास्नं मी बोलायचो अन् ती वाचायची. मी कारखान्यातली गोष्ट सांगाया बसलो की ती 'हं' म्हणायची अन् पान उलटायची. डोळं गेल्यावर ती पहिल्यांदा माझं ऐकाया लागली."

माझा राग गेला. चहाचे पैसे दिले आणि स्कूटी चालू केली.

त्यानंतर मी विषय काढला नाही. एका सकाळी कॉलेजला निघताना खाली आले, तर माई खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर पुस्तक उघडलेलं, बोट ओळीवरून फिरवत होत्या. पुस्तक उलटं धरलेलं होतं. आबा आतून आले, त्यांनी ते बघितलं. जवळ गेले, पुस्तक माईंच्या हातातून घेऊन सुलटं केलं आणि परत मांडीवर ठेवलं. मग बाहेर येऊन मला म्हणाले, "मॅडम, रविवारी कळंबला जायचं."

कळंबला त्यांचे कारखान्यातले जुने सोबती होते. त्यांची उसाच्या रोपांची नर्सरी होती आणि नर्सरीची बिलं त्यांची सून कॉम्प्युटरवर करायची. अकरा होतं. आबांनी नेहमीची तपासणी केली आणि मग तिला विचारलं, "ही नवी लागण हाय का?"

सून म्हणाली, "न्हाय आबा. आदी दहा हुतं. त्येच्यावरच अकरा केलं."

आबा खुर्चीवरून उठले. जुन्याच्याच बुडख्यावर नवं फुटलेलं, म्हणजे हा खोडवा होता, आणि पुढ्यात उभा होता. "अन् लोळत न्हाय?" त्यांनी हळूच विचारलं. "एकदाबी न्हाय," ती म्हणाली. मग तिनं इंटरनेटवरचा मराठी बाईचा आवाज लावून बाजारभाव वाचून दाखवला. आबांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. "बाई शहरातली हाय," शेवटी म्हणाले. "पर नांदंल."

वाण ठरलं. मी निघायला उठले, तर आबा म्हणाले, "बेणं घिऊन जाऊ की."

मी समजावलं की ही फाइल कंपनीकडून उतरवायची असते, मी घरी बसून उतरवेन, ती आणि ही अगदी एकच. "एकच असंल," आबा म्हणाले, "पर कुणाच्या रानातनं आणलं ह्येला किंमत हाय." त्यांची पक्की समजूत होती की ह्या कॉम्प्युटरचा गुण माझ्या पेनड्राइव्हमधून आपल्याकडे उतरणार. सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि ती बिचारी फाइल उतरवायला बसली. तिथं रेंज कमी. तोवर आमचं जेवण झालं. निघताना मी पेनड्राइव्ह डिकीत टाकायला गेले तर आबांनी हात धरला. बेणं उन्हात तापवत नाहीत. त्यांनी तो रुमालात गुंडाळला, रुमाल ओला करावा का ह्याचा क्षणभर विचार केला, माझा चेहरा बघून तो विचार सोडला, आणि कळंब ते जळोची सावलीसाठी एका हाताची पोकळ मूठ करून बसले. एका हातानं टोपी, एका हातानं अकरा, मला धरायला हातच नाही. गतिरोधक आला की माझा जीव जायचा.

आता मी पुन्हा इंदापूरला राहते. मागल्या महिन्यात नवा फोन घ्यायला गेले, दुकानदारानं दोन फोन पुढं ठेवले आणि मी ते उलटे करून बघितले. माझी बहीण बरोबर होती. ती म्हणाली, काय शोधतेस?

तर कळंबहून आणलेल्या बेण्याची लागण झाली. आबा शेजारी स्टूल टाकून बसले आणि पडद्यावर टक्के वाढताना बघून "उगवण चांगली हाय" असं म्हणत राहिले. कॉम्प्युटर मधे आपोआप बंद होऊन परत चालू झाला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मी सांगितलं की असंच असतं. संध्याकाळी तो बाईचा आवाज मधल्या खोलीत पहिल्यांदा बोलला. माईंनी पदर डोक्यावर घेतला, परकं माणूस घरात आल्यासारखा. मी थांबायच्या आणि चालू करायच्या लांब बटणावर माईंची एक टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला लागेल.

"काय वाचायचं?" मी विचारलं.

माईंनी त्या नावाड्याच्या बायकोचीच कादंबरी मागितली. पहिल्या पानापासून.

कॉलेजच्या स्कॅनरवर मी थोडी थोडी पानं उतरवून आणायचे आणि माई रोज दुपारी ऐकायच्या. त्या वेळी आबा घरात थांबायचे नाहीत. परसातल्या शेवग्याच्या बुडात खुरपत राहायचे. शेवग्याला खुरपणी लागत नाही, हे शेतकी खात्यातल्या माणसाला मी काय सांगणार. पुस्तकातला पूर जवळ येत होता. मला माहीत होतं, आबांना माहीत होतं. आपण लबाडी करत होतो हे आता माईंना कळणार, आणि मग संध्याकाळचं वाचन कायमचं बंद, ह्या काळजीनं त्यांची भाकरीही कमी झाली होती.

पुराची पानं आली त्या दिवशी सुट्टी होती, मी परसातच कपडे वाळत घालत होते. आतून तो आवाज एका लयीत वाचत होता. पाणी चढल्याचं वाचलं, दोर तुटल्याचं वाचलं, गावातली माणसं काठावर जमल्याचं वाचलं. मग आवाज थांबला. आतून माईंची हाक आली, "अवो, आत या."

आबांनी खुरपं ठेवलं. "तूबी चल," मला हळूच म्हणाले.

माई कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, बोट टिकलीवर. "ह्यात ती वाहून गेली," त्या म्हणाल्या.

"पुस्तकवाल्यानं घातली तिला पाण्यात," आबा दारातूनच म्हणाले. "त्येला मी काय करू."

"मला ठाऊक हुतं. लग्नाआदीच वाचलंय मी हे पुस्तक."

आबा उंबऱ्यावर खालीच बसले. "मग मी तिला वर काढली, म्हस घिऊन दिली, पोरगी येवढी वाढवली, तवा बोलली न्हाईस ती?"

"बोलले असते तर तुमी मारली असती तिला."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी पदरानं तोंड पुसलं. माईंनी हात लांबवून पडद्याचं बटण चाचपलं आणि पडदा बंद केला.

"ह्या तुमच्या अकराला तिचं फुडचं काय ठाऊक न्हाय," त्या म्हणाल्या. "असं वर येऊन बसा. पोरीचं लगीन कुठवर आलं हुतं?"

आबा उठून खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घसा साफ केला आणि पुस्तक न घेताच वाचायला लागले.